संघटनेच्या खोलीतलं मशीन

रोसारियो शहरातल्या आमच्या बिस्किट कारखान्यात संगणक मी सांभाळते. कामगार संघटनेच्या लिनक्स मशीनवर फाइल शेअरिंग उगाच चालू दिसलं. म्हणजे त्यातल्या फाइली कारखान्यात कुणीही बसल्या जागी वाचाव्यात. हे कोण वापरतं, ते मी संगणक वापरणाऱ्या सगळ्यांकडून सहीनिशी लिहून घेतलं. सतराही जणांनी ‘नाही’ लिहिलं. मॅनेजर इतुराल्देनं तर सहीखाली दोन रेघा ओढल्या.

सोमवारी दुपारी संघटनेच्या खोलीत बसून मी ते शेअरिंग बंद केलं, मशीन पुन्हा चालू झालं तरी आपोआप सुरू होणार नाही असं. संघटनेची नेलिदा शेजारी येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, सगळ्यांत फिरणारा पेला भरत होती. पाच मिनिटांत इतुराल्दे दारात हजर.

“काय उद्योग केलास? माझी स्क्रीन गोठलीये.”

“काय उघडलं होतंत?”

“तुला काय करायचंय? आधी चालू कर.”

“मी एकच गोष्ट बंद केलीये, साहेब. ती तुम्ही वापरत नाही. सही आहे तुमची.”

नेलिदानं मान वर केली. संप करणाऱ्यांच्या याद्या त्याच मशीनवर होत्या.

“तरीच,” ती म्हणाली. “गेल्या दोन्ही संपांच्या आदल्या दिवशी नेमकी आमचीच माणसं कामावरून काढलीत.”

इतुराल्देनं पेल्यासाठी हात पुढे केला. आमच्याकडे खोलीत आलेल्याला पेला नाकारत नाहीत, शत्रू असला तरी.

नेलिदानं तो मला दिला. मी संपवून परत केला. तिनं तो पुन्हा भरला आणि त्याच्या नाकासमोरून पुन्हा माझ्याच हातात ठेवला.