तिसरी हाक

मी दगडाबाईंच्या उजव्या कानातून बोलतोय. मी माणूस नाही, किडाही नाही. मी एक शब्द आहे. माझं नाव प्रेस्बिक्युसिस. जड आहे, ठाऊक आहे मला. एका दमात नाही म्हणता आलं तरी चालेल.

मी ग्रीक भाषेतल्या दोन तुकड्यांचा झालोय. 'प्रेस्बिस' म्हणजे वडीलधारं, म्हातारं माणूस. 'अकौसिस' म्हणजे ऐकणं. युरोपातल्या डॉक्टरांनी ते जोडले आणि इंग्रजीनं मला सांभाळलं. वयानं कमी होत गेलेलं ऐकणं, एवढाच माझा अर्थ. चर्चमधल्या काही वडीलधाऱ्यांचं नावही त्याच 'प्रेस्बिस'पासून आलंय. म्हणजे माझ्या घराण्यात म्हातारपणाला मान होता. लोक मला घाबरतात, म्हणून सांगून ठेवतो.

दगडाबाई मूळच्या फुलंब्रीकडच्या. आता हर्सूलला मुलगा विश्वजीत आणि सून मोनिका यांच्याजवळ असतात. माझं नाव त्यांना कळण्याआधीच मी त्यांच्याकडे राहायला आलो. माझी चाल हळू. आधी चिमण्या नेल्या, मग मोबाइलची रिंग, मग बोलण्यातले स आणि श.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. कारण दगडाबाईंचा नेमच होता, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं आणि त्याला ओ दिली की त्याच्या मागं जावं लागतं, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं. मोनिकाची तिसरी हाक चढ्या आवाजात असायची, तेवढी त्यांना ऐकू यायची. घराला वाटायचं, सासूबाई नेम पाळतात.

मी जागा रिकामी करत गेलो. मग त्या जागेत कुणीतरी येऊन बसलं.

एका दिवेलागणीला दगडाबाई ज्वारी निवडताना थांबल्या. मान एका बाजूला कलली. थोड्या वेळानं पुन्हा कलली.

"आत्याबाई, काय ऐकताय?" मोनिकानं विचारलं.

"तुझे सासरे आलेत. दोनदा म्हणले, विश्वाचे माय, पाणी दे."

सासरे, म्हणजे दगडाबाईंचे कारभारी, वारून बरीच वर्षं झालेली. मोनिकानं उठून दार लावून घेतलं.

कानाच्या डॉक्टर वैदेहीताईंनी माझं नाव तेव्हा पहिल्यांदा घेतलं. "वयानं होतं आजी. बारीक आवाज आधी जातात."

"जित्याचे आवाज जात्यात, मग मेलेल्याचा कसा येतो?"

"कानाला बाहेरून काही मिळेना झालं, की डोकं जुनंच काढून वाजवतं."

"डोकं पाणी मागतं व्हय?"

डॉक्टर हसल्या. मशीन दिलं. ते लावलं की घर गजबजायचं आणि हाक थांबायची. पण संध्याकाळ झाली की दगडाबाई मशीन काढून डबीत ठेवू लागल्या.

"हे लावलं की ते उंबऱ्यातूनच माघारी जात्यात," त्या मोनिकाला म्हणाल्या. "एवढ्या लांबून येत्यात. ओ बी देऊ नाय का?"

मोनिकानं वाद घातला नाही. रोज दिवेलागणीला ती त्यांच्याजवळ येऊन बसू लागली. सासूची मान एकदा कलली की ती पाहायची. दुसऱ्यांदा कलली की कानाशी तोंड नेऊन हाक मारायची, "आत्याबाई." ती तिसरी हाक. दगडाबाई "ओ" म्हणायच्या, आणि ती ओ जिवंत माणसाच्या पदरात पडायची. असं रोज चाललंय.

आज मोनिका सिल्लोडला माहेरी गेलीय. परतीची एसटी अजून आलेली नाही. विश्वजीत दुसऱ्या पाळीला वाळूजला. मशीन डबीत आहे. अंगणातला उजेड उतरलाय.

डॉक्टर म्हणतात ते खरंही असेल. मी शब्द आहे, मला माझा अर्थ माहीत आहे, मूळ माहीत आहे. मी फक्त आवाज नेतो, आणत नाही. पण मी याच कानात राहतो, आणि आत्ता पहिली हाक मीही ऐकली.

ही दुसरी.

त्यांनी पाण्याचा तांब्या उचललाय. ओठ हलायला लागलेत. वाचणाऱ्या माणसा, तू जो कुणी असशील, जरा हाक मार त्यांना. आवाज जाड काढ. बारीक आवाज मी केव्हाच नेलेत.