परत दाबायचं नाही

मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेला तो कागद जान्हवीला आधी वाण्याची यादीच वाटला – चार घड्यांचा, कडा मऊ पडलेला, बरोबर फोनच्या कव्हरच्या मापाचा... कव्हर खिडकीत वाळत होतं. दर गुरुवारी नाहूरला, अंथरुणाला खिळलेल्या रुक्मिणीमावशीकडे जायच्या आधी आई ते भांड्यांच्या साबणाने धुते.

अक्षर आईचं, पेन्सिलीने गिरवलेलं.

‘१. निळी बस दाबायची. २. खाली उजव्या कोपऱ्यात तिकीट. ३. मुलुंड येतं. नाही आलं तर मागे. ४. नाहूर. ५. गोल फिरतं. थांबायचं. परत दाबायचं नाही. ६. हिरवं झालं की झालं. ७. कंडक्टरला दाखवायचं. घाबरायचं नाही.’

सातव्या ओळीपाशी तिला एकदम भरून आलं, आणि मग स्वतःचा भयंकर राग आला, कारण निळी बस आता नव्हती. तो उजवा कोपराही नव्हता. काल संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसात बसतिकिटाचं नवं ॲप सुरू झालं म्हणून केक कापला होता. सात पायऱ्यांच्या तीन केल्या म्हणून टाळ्या वाजल्या होत्या, त्याही मुख्यतः तिच्यासाठी. साठीच्या पुढच्या माणसांना सोपं जावं म्हणून तर हा दोन वर्षांचा खटाटोप! चाळीस अनोळखी म्हाताऱ्यांना तिने बसस्टॉपवर उन्हात उभं राहून विचारलं होतं – सावकाश काका, काही घाई नाही – इतक्या गोड आवाजात की बरोबरचा सुयोग म्हणाला होता, “एवढा पेशन्स आणतेस कुठून गं यार?”

कुठून आणते, मलाच ठाऊक नाही. पण तो पेशन्स मुलुंडला घरी येईपर्यंत संपतो, हे खरं... तिकीट कसं काढायचं, हे आईने एकदाच विचारलं होतं. मी जेवत होते, डाव्या हाताने तिचा फोन ओढून घेतला – हो, ओढूनच – “दे इकडे, किती वेळा सांगायचं!” आणि तिकीट काढून दिलं. किती वेळा? एकदाही सांगितलं नव्हतं. आई “बरं” म्हणाली, परत कधी विचारायला आली नाही, आणि मला वाटलं, शिकली. शिकलीच होती म्हणा. पण कोणाला विचारून, किती वेळा चुकून ती पाचवी ओळ लिहिली असेल, हे मला आज मिठाच्या बरणीपाशी कळतंय.

आई केसांना पिन लावत बाहेर आली. कव्हर पुसलं, फोनला चढवलं, कागदासाठी हात पुढे केला.

आज मीच काढून देते, असं म्हणता आलं असतं. पण संध्याकाळी नाहूरच्या स्टॉपवर परतीचं तिकीट काढताना आई हा कागद उघडेल, निळी बस शोधेल... पुढच्या गुरुवारीही शोधेल.

“आई, ते बदललंय.”

“काय?”

“ॲप. कालपासून. तो कागद आता चालणार नाही.”

“चांगलं चाललं होतं की. कोणी बदललं?”

“मी,” जान्हवी म्हणाली.

आई रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने चष्मा लावला, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, खुर्ची ओढून बसली आणि कागदाची कोरी बाजू वर केली.

“सांग. पण फोनला हात लावायचा नाहीस.”

जान्हवीने दोन्ही हात मांडीखाली घेतले. समोर तिचाच पडदा, तिचेच रंग, आणि मधोमध ती गोल खूण – अकरा वेळा काढून बाराव्यांदा जमलेली, ऑफिसात सगळ्यांना बघताक्षणी कळलेली. त्या खुणेला आईच्या भाषेत काय म्हणायचं? दोन वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. बांगडी? चाक?... कागदावर १ हा आकडा पडला होता, त्याच्यापुढे टिंब.

“सावकाश,” आई म्हणाली. “बस अजून यायचीय.”