मोठीआईची धाप

मोठीआईला धाप लागायची ती वेळ बघून. नवरा जिवंत होता तेव्हा तो मित्रांबरोबर बाहेर निघाला की धाप. लेकीने मनाविरुद्ध शब्द काढला की धाप. लाँड्री तिची, इस्त्री तिच्या हातात, घर तिच्या मुठीत. आता त्या मुठीतून मुलगा निसटत होता. त्याने आणि सुनेने गावाच्या दुसऱ्या टोकाला दुमजली घर घेतलं होतं आणि पहिल्या तारखेला तिकडे राहायला जायचं ठरवलं होतं.

म्हणून सकाळी खोकी बांधायला घेतली तशी मोठीआई धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि धापा टाकू लागली. एरवी पाच-दहा धापांत मुलगा विरघळायचा. आज सुनेने त्याच्या हातात सुतळी दिली आणि म्हणाली, "गाठ घट्ट मार." मग मोठीआईनेही हात राखला नाही. लोहाराच्या भात्यासारखी ती फुंकत राहिली.

आणि भलतंच झालं. ओठांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, हाताची बोटं एकमेकांना चिकटून चोचीसारखी आखडली. जन्मभर जड इस्त्री पेललेला हात, पण त्याला साधा रुमाल धरवेना. सोंग करता करता आपण खरंच निघालो की काय, या भीतीने ती आणखी जोरात फुंकू लागली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनगटातून रक्त काढलं. ते इतकं दुखलं की मोठीआईने मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. रिपोर्ट आला तशा बाई हसू दाबत म्हणाल्या, "आजी, छाती ठणठणीत आहे. रक्तात आम्ल आणि क्षार यांचा तोल असतो. श्वासाबरोबर आपण जो वायू बाहेर टाकतो ना, तोच रक्ताचा आंबटपणा सांभाळतो. तुम्ही तो नको इतका फुंकून टाकलात. रक्त क्षाराकडे कललं, म्हणून बोटं आखडली."

"म्हणजे सोडा जास्त झाला," मोठीआई पुटपुटली. धुण्यात सोडा जास्त पडला की कापड कडक होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मग लिंबू पिळून देऊ का?" मुलाने विचारलं.

"लिंबू नको. सावकाश श्वास. तोंड मिटून, नाकाने. बोटं सुटेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

मोठीआईचं तोंड मिटलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं. सून स्टूल ओढून अगदी जवळ बसली.

"सासूबाई, पहिल्या तारखेला आम्ही जातोय. हरकत असेल तर आत्ताच सांगा."

मोठीआईने डोळे वटारले. उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं, पण आखडलेली बोटं समोर दिसत होती. तिने उत्तर गिळलं आणि नाकाने श्वास घेतला.

"बघितलंस?" सून नवऱ्याला म्हणाली. "गप्प म्हणजे कबूल."

मुलाने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. तो पहिल्यापासून असाच, कुंपणावर बसणारा.

हळूहळू अंगठा सुटला, मग बाकीची बोटं. मोठीआईने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आत काहीच उरलं नव्हतं, हे तिलाही दिसलं.

"जा," ती म्हणाली. "मी कशाला अडवू? घर दुमजली आहे ना?"

"हो, आई."

"मग माझी खोली खालीच ठेवा. जिना चढताना मला खरीच धाप लागते."

"आणि लाँड्री?" सुनेने विचारलं.

"तिकडून रोज बसने जाऊन-येऊन करीन. पण हे रक्ताचं दुखणं घेऊन एकटी कशी राहू मी? काय हो डॉक्टरीणबाई?"

डॉक्टरीणबाईंना तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर काहीतरी काम निघालं.

सुनेची छाती भराभर वरखाली होऊ लागली. मोठीआईने नुकताच सुटलेला हात मायेने तिच्या पाठीवर ठेवला.

"सावकाश गं, बाई. नाकाने घे. बोटं आखडतील."