मेंदीखालची शीर

मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या हम्माममध्ये, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, दिवसभर उभ्याने बायकांच्या पाठी चोळून चोळून तामू आणि तिची धाकटी बहीण बाहिया, दोघींच्याही पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या. तामूने ब्यूटी क्लिनिकच्या डॉक्टरकडून त्या गाठी घालवणारी इंजेक्शनं घ्यायचं ठरवलं. पण भाच्याच्या लग्नाची मेंदी तिच्या गुडघ्यापर्यंत चढली होती. डॉक्टरने पायाला हातही न लावता सांगितलं, "मेंदीखाली शिरा दिसत नाहीत. रंग उतरला की या," आणि पंधरा दिवसांनंतरची वेळ दिली.

पण त्या वेळेच्या आदल्या रात्रीच तिची पोटरी सुजली, तापली. तामूचं धाबं दणाणलं. ती शिरांच्या सर्जनकडे गेली. त्याने जांघेपासून खाली सोनोग्राफी केली आणि एका जागी त्याचा हात थांबला.

"आतल्या शिरेत रक्ताची गुठळी आहे. न तपासता कुणी इंजेक्शन दिलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

तामूने तिथूनच बहिणीला फोन लावला. "बाहिया, क्लिनिकमधली माझी आजची वेळ रद्द कर."

"रद्द कशाला, ताई? मीच आलेय तुझ्या जागी. माझीही पोटरी कालपासून सुजलीय. पायाला मेंदी नाही म्हणून डॉक्टर लगेच तयार झाले. थांब हं, सुई टोचतायत."