सत्तेचाळीस, बारा, त्र्याऐंशी

"आमचे पणजोबा थापाडे होते का हो?"

टेसाने हे विचारलं तेव्हा मी टेबलावरच्या हिरव्या फडक्यावर आडवा पडलो होतो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांत कोणीतरी कामाचा प्रश्न विचारला. नाहीतर मला हातात घेणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "कितीला जाईल?" आता हाही प्रश्न टेसाच्या मनातला नव्हताच. शाळेत ब्रूक आणि तिच्या टोळक्याने तिला डिवचलं होतं, "हिंमत असेल तर प्रदर्शनात बंदुका पारखणाऱ्या अ‍ॅगीबाईंना विचारून दाखव." टेसा पडली हट्टी. तिने विचारलं.

मित्रांनो, मी एक जुनं लष्करी पिस्तूल बोलतोय. लोक मला लुगर म्हणतात. अमेरिकेत नेब्रास्कातल्या या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात डुकरांची स्पर्धा भरते आणि थंडीच्या तोंडाशी जुन्या बंदुकांचं प्रदर्शन. दारावरच माझं पोट रिकामं आहे का ते तपासलं आणि माझ्यात प्लॅस्टिकची पट्टी अडकवली, गाईला दावं लावावं तशी. अपमान आहे, पण नियम बरोबर आहे. त्यावर माझी तक्रार नाही. माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत आणि भरपूर आहेत.

पहिली तक्रार त्या जनरलची. टेसाच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की पणजोबा एमिल यांनी मला एका जर्मन जनरलच्या हातातून घेतलं. कधी जनरल रडतो, कधी सलाम ठोकतो. मागच्या नाताळात तर त्याला घोडाही मिळाला. येत्या शुक्रवारी शाळेत माजी सैनिकांचा सत्कार आहे. पहिल्या रांगेत म्हातारे सैनिक बसणार आणि सगळ्या शाळेसमोर टेसा ही गोष्ट सांगणार. ब्रूक म्हणाली होती, "सगळ्यांच्याच घरी जनरलचं पिस्तूल कसं गं? शिपाई काय गोफण घेऊन लढत होते?" ते टेसाला लागलं होतं.

ब्रूकचं चुकलं नव्हतं. माझा पहिला मालक एक साधा जर्मन शिपाई होता. पायाला सतत फोड यायचे त्याच्या. मी घडलो त्या कारखान्याची एक रीत होती. माझा प्रत्येक भाग कारागीर हाताने घासून माझ्याच अंगाला बसवायचा आणि त्यावर माझ्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकायचा, शाळेच्या डब्यावर मुलाचं नाव घालतात तसे. माझा आकडा सत्तेचाळीस. नखाएवढ्या भागावरसुद्धा सत्तेचाळीस. मला त्याचा फार गर्व होता. लढाईत मी काय केलं ते मी मिरवणार नाही. ते मिरवण्यासारखं नसतं.

युद्ध संपलं तेव्हा एका गावातल्या शाळेच्या अंगणात शरण आलेल्यांच्या हत्यारांचा ढीग पडला होता. एमिलने मला त्या ढिगातून उचललं, बटाटा निवडून घ्यावा तसं. जनरल सोडा, तिथे कोंबडीसुद्धा नव्हती. एमिलचे दोन दोस्त होते, उंच लू आणि बडबड्या हार्ली. त्यांनीही एकेक लुगर उचललं. मग एका पावसाळी दुपारी तिघांनी एकच घोंगडी पसरली, तिन्ही पिस्तुलं सुटी केली आणि पुसायला बसले. हार्ली काहीतरी चावट किस्सा सांगत होता. तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. निघायची वेळ झाली. तिघांनी हाताला येईल ते उचललं आणि भराभर जोडून टाकलं.

ट्रक हलल्यावर मला कळलं, माझा वरचा सांधा माझा नव्हता. गोळी उडाली की गुडघ्यासारखा दुमडतो ना, तो. त्यावर बारा. तो लूच्या पिस्तुलाचा. बाजूची पट्टी त्र्याऐंशी, हार्लीच्या पिस्तुलाची. मी ओरडलो. पण पिस्तूल ओरडतं तेव्हा लोक खाली लपतात, आणि रिकामं पिस्तूल ओरडलं तर कोणालाच ऐकू येत नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी मोज्यांच्या खणात काढली. एमिल गेल्यावर सगळे तज्ज्ञ झाले. शेजारी म्हणाला, नौदलाचं आहे. मेव्हणा म्हणाला, गुप्त पोलिसांचं. एकाने तर मला हुंगलं. हुंगून काय कळतं ते त्यालाच ठाऊक. आणि आज सकाळी कहर झाला. टेसाचे बाबा, ड्वेन, यांनी मला "जरा बरं दिसावं" म्हणून भांडी घासायच्या तारेने घासलं. माझा अख्खा डावा गाल पांढरा पडला.

अ‍ॅगी ड्वोराकबाईंनी मला उचललं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि टेसाच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तो गाल पाहिला.

"हे कोणी केलं?"

"थोडं चमकवलं," ड्वेन म्हणाले.

"ड्वेन, आजोबांच्या थडग्याचा दगडही असाच चमकवतोस का? नाव जाईपर्यंत?"

ड्वेननी टोपी काढून पुन्हा घातली. अ‍ॅगीबाईंनी माझा एकेक भाग हळूच उजेडात धरला.

"अंग सत्तेचाळीस. सांधा बारा. पट्टी त्र्याऐंशी. तीन पिस्तुलांची खिचडी आहे ही."

टेसाचा चेहरा उतरला. "म्हणजे खोटं?"

"मी खोटं म्हटलं का? तिन्ही भाग अस्सल, एकाच काळातले. सांध्यातलं तेल बघ, वाळून मध झालंय. कोण्या व्यापाऱ्याने काल जोडलेलं नाही हे. फार वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत जोडलंय."

"आणि जनरल?"

"जनरलची एकही खूण नाही, पोरी. हे शिपायाचं आहे. तुझे पणजोबा थापाडे होते की नव्हते, ते पिस्तुलावर लिहिलेलं नसतं."

ड्वेनना जनरलचं काही पडलेलं नव्हतं. "बाई, भाव सांगा."

"नंबर जुळते तर चांगला आला असता. असं आहे तर निम्मा. तू घासलंस म्हणून त्यातही कमी."

"मग जुळवून घेऊ की. तिसऱ्या टेबलावरचा तो दाढीवाला करून देतो म्हणाला. बारा नि त्र्याऐंशी घासून काढायचे आणि सगळीकडे सत्तेचाळीस ठोकायचे. आपली बिघडलेली पिकअप गाडी दुरुस्त होईल तेवढ्या पैशात."

मित्रांनो, माझी चीड तुम्हाला कळते आहे का? सत्तेचाळीस हा माझा जीव की प्राण. एकेकाळी मीच म्हटलं असतं, ठोका. पण इतकी वर्षं बाराच्या सांध्याने मी दुमडतोय. ते आकडे गेले की त्या घोंगडीचा पुरावा जगातून गेला. आणि मला तोंड उघडून बोलायची काही सोय नाही.

"असलं करायचं असेल तर माझ्या टेबलावरून उचल," अ‍ॅगीबाई म्हणाल्या. "त्याला फसवणूक म्हणतात."

ड्वेननी मला उचललं. उचलता उचलता स्वतःशीच पुटपुटले, "म्हणजे म्हातारा त्या सांध्याचं खरंच सांगत होता."

"कोणता सांधा, बाबा?"

"काही नाही गं. मी लहान असताना आजोबा दर उन्हाळ्यात मला तळ्यावर न्यायचे. तिथे त्यांचे दोन दोस्त यायचे. पोचलो की आजोबा हे पिस्तूल टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, 'लू, तुझा सांधा घेऊन टाक बाबा, ओझं झालंय.' तो म्हणायचा, 'आज नको, मासे तळायचेत.' दुसरा, हार्ली, म्हणायचा, 'माझी पट्टी तर मी मेल्यावरच दे.' दरवर्षी हेच. मला वाटायचं, बिअर प्यायचं निमित्त."

"कधीच बदलले नाहीत?"

"नाही. पाच मिनिटांचं काम होतं." ड्वेननी माझ्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "बदलले असते तर पुढच्या वर्षी यायला कारण काय उरलं असतं?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं. ते तिसऱ्या टेबलाकडे निघाले होते, पण चाल मंदावली. दाढीवाल्याने लांबूनच हात केला. त्याच्यापुढे ठोकायचे शिक्के ओळीने मांडलेले होते, शून्यापासून नवापर्यंत. मला ते स्पष्ट दिसत होते.

तेवढ्यात टेसाची आई लॉर्ना कोलाचेंची, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, पिशवी घेऊन आली. "झालं का? किती सांगितले? आणि जनरलचं काय म्हणाल्या?"

टेसा खाली बघत होती. मला माहीत होतं ती कसला हिशोब करतेय. जनरल गेला तर शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर सांगायला उरतं काय? ढिगातून उचललेलं पिस्तूल आणि तीन वेंधळे. ब्रूक पहिल्याच रांगेच्या मागे बसणार. गप्प राहिली तर घोड्यासकट जनरल शाबूत, वर पिकअपही दुरुस्त.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू हातात घ्याल तेव्हा तारेची घासणी लांब ठेवा. तिच्यावरचा डाग, ओरखडा, न जुळणारा तुकडा आधी नीट बघा, घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांना माहीत असतं, फक्त माहीत आहे हे माहीत नसतं. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही तुमच्या विचारण्यावर जगतो. आणि एक, माझ्यासारखं काही सापडलं तर हात लावण्याआधी मोठ्या माणसाला हाक मारा.

टेसाने बाबांच्या हातातून मला घेतलं नाही. तिला ती परवानगी नाही, आणि ती नियम मोडणारी पोर नाही. तिने फक्त बाबांच्या आणि दाढीवाल्याच्या मध्ये उभं राहून कंबरेवर हात ठेवले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. याच्यावर कोणी काही ठोकणार नाही. शुक्रवारी मी जनरलला गोष्टीतून काढून टाकणार, आणि लू नि हार्लीला आत घेणार. हसायचं त्यांनी हसावं. आणि सुट्टी लागली की मी बाराचं घर शोधणार, मग त्र्याऐंशीचं. त्यांची पतवंडं असतील ना कुठेतरी. ती सापडली की आपण सगळे तळ्यावर जाणार आहोत. गाडी तुम्ही चालवायची, बाबा."