परत दिलेला चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे, एवढे सांगतानाही माझी मान खाली जाते. चाकूचे एकही काम मला येत नाही. माझ्याने पेन्सिलीला टोक होत नाही की पुडक्याची दोरी तुटत नाही. मी रबराचा आहे. लोक मला धरतात ते माझ्याशी लढण्याचा सराव करायला, आणि त्या लढाईत मी दर वेळी हरतो. हरणे हीच माझी नोकरी.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. ज्या यंत्रातून सायकलच्या मुठी निघत, त्याच यंत्रात साचा बदलून आम्हाला काढले गेले. मग माझ्या पात्याला चंदेरी रंग फासला. शेजारच्या खोक्यातल्या मुठी लवकरच सायकलींना बसल्या आणि रस्त्याला लागल्या. मी मात्र त्या रंगाच्या जोरावर स्वतःला खरा समजत राहिलो. मास्तरांनी मला विकत आणले आणि पहिल्याच दिवशी सर्वांसमोर माझे पाते दुमडून दाखवले. "बघा, किती मऊ आहे! घाबरताय काय याला?" सगळे हसले. तेव्हाच माझा तोरा उतरला.

मास्तर स्वसंरक्षणाचा वर्ग चालवत. कपडे धुण्याच्या दुकानावर एक लांबट खोली होती. जमिनीवर निळ्या फोमच्या गाद्या, एका भिंतीला आरसा, आणि खालून येणारी इस्त्रीची वाफ. माणूस कष्टाळू होता, आवाज खणखणीत होता. शिकवण्याची पद्धत मात्र एकच होती. "डाव एकच, सामान एकच, सराव रोज. वेळ आली की विचार करायला सवड नसते," असे ते म्हणत.

सामान म्हणजे एक काळा पाऊच. त्यात मिरचीचा स्प्रे, चाप ओढला की किंचाळणारा सायरन आणि किल्ल्यांना अडकवायची, हल्लेखोराला टोचायची लोखंडी कांडी. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर तोच पाऊच देत. शिंपीकाकांची बोटे संधिवाताने आखडलेली होती. त्यांना त्या स्प्रेचे झाकण सरकवता येत नसे.

"मास्तर, चोराला सांगतो, बाबा रे, जरा हे उघडून दे, मग तुला फवारतो," ते म्हणत.

"काका, सराव करा, जमेल," मास्तर म्हणत आणि पुढे जात.

डाव असा होता. एकाने मला उजव्या हातात धरून समोरच्याच्या पोटाकडे सरळ आणायचे. समोरच्याने बाजूला सरायचे, मनगट पकडून पिरगाळायचे आणि मला काढून घ्यायचे. मला धरणारी माणसे भली असत. जोडीदाराला त्रास नको म्हणून ती पकड जरा लवकरच सैल करत. मी अलगद निसटायचो आणि खोलीत "शाबास!" घुमायचे. मग ज्याने मला जिंकले तो मला हातातल्या हातात फिरवायचा, माझी मूठ जोडीदारापुढे करायचा आणि "घे" म्हणून परत द्यायचा. लगेच डाव पुन्हा सुरू. हे "घे" मास्तरांनी शिकवलेले नव्हते. सभ्य माणसांची ती सवय होती. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

या वर्गात सुईताई आणि त्यांची नणंद अशा दोघी येत. सुईताई सकाळी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने घेत. त्यांचा हात इतका हलका होता की लहान मुले "झालं पण?" असे विचारत. शीर बोटाने चाचपायची, अंगठ्याने दाबून धरायची आणि सुई केव्हा गेली ते कळूही द्यायचे नाही. हातात नमुन्यांचा बर्फाचा डबा घेऊन त्या अनोळखी इमारतींचे जिने चढत. एकदा एका रुग्णाचा दारुडा भाऊ दार अडवून उभा राहिला होता. तेव्हापासून त्यांच्या मनात भीती बसली आणि त्या वर्गाला येऊ लागल्या. धाकटी नणंद औषधांच्या दुकानात जाळीमागे बसायची. वहिनी एकटी कशाला, म्हणून तीही आली.

सरावात नणंद मला घेऊन चालून यायची.

"चल, काढ तुझं पाकीट!"

"पाकिटात तुझ्या भावाचा फोटो आहे, हवाय?"

"नको बाई, तो तुझ्याकडेच राहू दे!"

आणि तेवढ्यात मी सुईताईंच्या हाती असायचो. मग मूठ पुढे, आणि "घे". त्यांच्याइतक्या सफाईने मला कोणीच काढून घेत नसे. मास्तर वर्गाला सांगत, "सुईताईंकडे बघा! आता कोणाची हिंमत आहे?" त्या लाजून हसत. मला वाटे, या शाबासकीत आपलाही थोडा वाटा आहे. आज ते आठवले की कुठे तोंड लपवू असे होते.

मग सुईताई वर्गाला यायच्या थांबल्या. नणंदही येईना. पुष्कळ दिवसांनी दोघी आल्या तेव्हा सुईताईंच्या उजव्या हाताला मनगटापासून अंगठ्यापर्यंत पट्टी होती.

सगळे भोवती जमले. सुईताईंनी खुर्चीवर बसून सांगितले. सकाळी एका घरातून नमुना घेऊन त्या बाहेर पडल्या. मागे दार बंद झाले. खालच्या वळणावर एक तरुण उभा होता. त्याने चाकू काढला आणि म्हणाला, "डबा दे."

"मग?" शिंपीकाकांनी विचारले.

"मग काय, सरले बाजूला, धरलं मनगट, पिरगाळलं. चाकू माझ्या हातात."

खोलीत टाळ्या पडल्या. मास्तरांची छाती फुगली. "म्हटलं नव्हतं मी? म्हटलं नव्हतं?"

सुईताई टाळ्या थांबायची वाट बघत राहिल्या. त्या गादीकडे बघत होत्या.

"मग मी तो त्याला परत दिला."

कोणाला काही कळेना. मागे कोणीतरी फिसकन हसले.

"मूठ पुढे करून दिला. 'घे' म्हणाले. त्यानंसुद्धा घेतला. क्षणभर तोही माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने डब्याचा पट्टा ओढला, मी सोडेना, आणि..." त्यांनी पट्टीचा हात किंचित वर केला. "टाके पडले. आतला एक स्नायू दुखावला आहे. अंगठा नीट वळत नाही."

मित्रांनो, मी तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर पडलो होतो. तो चाकू लोखंडाचा होता, धारेचा होता. पण सुईताईंच्या हाताने त्याला ओळखले ते मीच समजून. जे माझ्याबरोबर रोज केले, तेच त्यांनी त्याच्याबरोबर केले. लाजेने वितळून जावे, तर तीही सोय नव्हती. मी रबराचाच होतो, आणि जसाच्या तसा पडून होतो.

"डब्यात काय होतं एवढं?" शिंपीकाकांनी हळूच विचारले.

"रक्त," सुईताई म्हणाल्या. "दुसऱ्यांचं. त्याला वाटलं असेल काही मोलाचं आहे. खालच्या मजल्यावर डबा उघडून बघितला आणि तिथंच टाकून पळाला."

"आणि पाऊच?" मास्तरांनी विचारले. "स्प्रे होता ना तुमच्याकडे?"

"होता की. बॅगेच्या तळाशी. कापूस, नळ्या, हातमोजे, त्याच्या खाली."

मास्तरांना ते झोंबले. "घाबरलात तुम्ही," ते म्हणाले. "घाबरलं की डाव विसरतो माणूस."

नणंद ताडकन उठली. "वहिनी घाबरली नाही, मास्तर. घाबरली असती तर डबा टाकून पळाली असती. आणि बरं झालं असतं! तुम्हीच भीती काढून घेतलीत तिची. आणि डाव ती विसरलीच नाही. सगळाच्या सगळा केला, शेवटपर्यंत."

त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपला. जाताना सुईताई दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मला काय काय येतं ते तुम्ही रोज बघितलंत. मी कुठं जाते, माझ्या हातात काय असतं, हे एकदा तरी विचारायचं होतं."

टाके निघाल्यावर सुईताई कामावर परतल्या. मास्तर एका सकाळी त्यांच्याबरोबर निघाले. मी त्यांच्या जाकिटाच्या खिशात होतो. जागेवरच डाव सुधारून दाखवू, असा त्यांचा बेत होता.

पहिलाच जिना अरुंद होता. सुईताईंच्या एका हातात डबा, खांद्याला बॅग, दुसरा हात कठड्यावर. वरच्या दारासमोर उभे राहून मास्तरांनी मला बाहेर काढले. "समजा, असा आला कोणी." त्यांनी हात उगारला आणि कोपर भिंतीवर आपटले. बाजूला सरायला जागाच नव्हती. कोपर चोळत ते उभे असतानाच समोरचे दार उघडले. आत एक आजी होत्या. त्यांना आधी मी दिसलो, मग मास्तर.

आजींनी धाडकन दार लावले, साखळी घातली आणि आतून अशी बोंब ठोकली की वरची आणि खालची दारे उघडली.

"आजी, रबराचा आहे!" मास्तर ओरडले. "वाकवून दाखवतो!"

"तुला वाकवतील लोक, मुडद्या!"

सुईताईंनी दाराला तोंड लावून कितीतरी वेळ समजूत घातली, तेव्हा कुठे साखळी निघाली. मास्तर मला पाठीमागे लपवून मान खाली घालून उभे होते. "आजींनी बरोबर केलं," ते पुटपुटले. "अगदी बरोबर केलं."

मग आजींनी हात पुढे केला. सुईताईंनी सुई डाव्या हातात घेतली. उजवा अंगठा शिरेवर ठरेना. सुई एकदा गेली, चुकली, पुन्हा गेली.

"आज दुखलं गं," आजी म्हणाल्या. "तुझा हात कधी कळायचा नाही मला."

"हो आजी. माफ करा."

मी परत खिशात गेलो होतो, तिथल्या अंधारात मी ते ऐकले. टाळ्या तर मी कितीतरी ऐकल्या होत्या. त्या सगळ्यांवर हे एक वाक्य भारी पडले. मास्तरांनी खिशावर हात दाबून धरला.

त्यानंतर वर्ग बदलला. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सर्वांपुढे हात जोडले आणि पाऊच परत मागवले. मग एकेकाला जवळ बसवून विचारू लागले. काम काय? हातात काय असते? पळता येते का? दार कोणत्या बाजूला उघडते? हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल? शिंपीकाकांना बोटांऐवजी दातांनीही ओढता येईल असा लांब दोरीचा सायरन मिळाला. "म्हणजे आता चोराची मदत लागणार नाही," काका म्हणाले. नणंदेच्या दुकानात जाळीमागचा पंखा तिच्याच तोंडाकडे वारा आणत होता. तिथे स्प्रे मारला असता तर तो तिच्याच डोळ्यांत गेला असता. तिचा स्प्रे काढून घेतला आणि शेजारच्या दुकानात वाजणारी एक घंटा बसवली. सुईताईंच्या हातातला डबा पाठीवर गेला, पट्टा एका ओढीत सुटेल असा. आणि रुग्णाच्या घरच्यांनी त्या जिना उतरेपर्यंत दार उघडे ठेवायचे, हे त्या आता सुई टोचण्याआधीच कबूल करून घेतात.

एक दिवस सुईताईंनीच मास्तरांना म्हटले, "या, आता या अंगावर." सराव गादीवर नाही, बाहेरच्या जिन्यावर झाला. मास्तर मला घेऊन चालून आले. "डबा दे!" सुईताईंनी पट्टा ओढला. डबा पायरीवर पडला. त्या मागे सरल्या, उघड्या दारातून आत गेल्या, नणंदेने कडी लावली, आणि दोघींनी मिळून असा आरडाओरडा केला की खालचा इस्त्रीवाला वर धावत आला. मास्तर रिकाम्या डब्याशेजारी उभे होते. मी त्यांच्या हातात तसाच होतो. मला कोणी जिंकले नाही, कोणी हातसुद्धा लावला नाही. एवढे चोख काम माझ्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते.

पण यामुळे माझी लाज संपली असे समजू नका. सुईताईंचा अंगठा अजून पुरता वळत नाही. लहान मुलांचे नमुने घ्यायला आता दुसरी ताई जाते. सुईताई डाव्या हाताने शिकत आहेत.

अगदीच दुसरा मार्ग नसेल तेव्हासाठी तो जुना डावही वर्गात अजून करतात. मात्र मला काढून घेतले की लांब भिरकावून द्यायचे आणि पळायचे, असा नियम आहे. सुईताईंच्या हाती मी लागलो की आजही त्यांची बोटे मला फिरवू लागतात. मूठ पुढे येऊ लागते. ओठांवर "घे" येते. मग त्या दचकतात आणि मला जोराने फेकतात. मी भिंतीवर आपटून कोपऱ्यात पडतो. माझा चंदेरी रंग त्यामुळे जवळजवळ गेला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी विनवतात की आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मला तसे म्हणायला तोंड नाही. जपायचा तर तुमचा हात जपा. त्या हाताला रोज काय करायचे असते, तो कुठे कुठे जातो, हे आधी बघा आणि मग त्याला काय शिकवायचे ते ठरवा. आणि मी कधी तुमच्या हाती आलोच, तर कितीही सभ्य असलात तरी मला परत देऊ नका.