काचेच्या कपाटातली इस्त्री

घाबरू नका, मित्रांनो. खुशाल हात लावा, मी आता भाजत नाही. मी एक जुनी इस्त्री आहे आणि सध्या माझा मुक्काम एका लेखकाच्या घरी, काचेच्या कपाटात आहे. माझ्या एका बाजूला त्याला मिळालेलं सन्मानचिन्ह आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचं पुस्तक. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझाच फोटो आहे. येणारे-जाणारे वाकून बघतात आणि म्हणतात, "अरे वा, हीच का ती?" तुम्हाला वाटेल, काय नशीब काढलं हिने! नशीब कसलं घेऊन बसलात? कपाटात नीट बसावी म्हणून माझी वायर मुळापासून कापून टाकली आहे. मी इथे कशी आले ते ऐका, म्हणजे मी एवढी का चिडले आहे ते कळेल. तसा माझा स्वभाव आधीपासूनच तापट.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझा तळ घासून घासून गुळगुळीत केला, पोटात तापणारी तार बसवली आणि वर काळी मूठ बसवली. तेव्हाच्या इस्त्र्या चांगल्या वजनदार असत. एका आईने मला दुकानात उचलून पाहिलं, "ही बरी आहे, हिला दाबायला नको," असं म्हणाली आणि घरी घेऊन आली. त्या घरात एक मुलगी होती आणि तिच्या पाठीवर एक मुलगा. ती त्याची ताई आणि तो तिचा सोन्या. दोघांचे गणवेश रोज सकाळी मीच कडक करत असे. एकदा सोन्याने विमान विमान खेळताना मला टेबलावरून खाली पाडलं आणि माझ्या मुठीला तडा गेला. ताईने आळ स्वतःवर घेतला आणि बोलणीही खाल्ली. बाबा म्हणाले, नवी घेऊ. आईला ते पटलं नाही. तिने एका जुन्या हिरव्या चादरीची पट्टी फाडली, मुठीभोवती गच्च गुंडाळली आणि वरून पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकली. तिची शिवण तिरकी होती, दर टाका मागच्या टाक्यावर चढलेला. तशी शिवण मी दुसऱ्या कुणाचीच पाहिली नाही.

मुलं मोठी झाली. ताईला परदेशात एका ऑफिसात नोकरी लागली. बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, "आमची मुलगी साहेब झाली, साहेब!" बॅग भरताना आईने मला टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवलं.

"अगं, तिकडे इस्त्र्या मिळत नाहीत का?" बाबा हसले.

"मिळतात की. पण त्यांना हिच्या हाताची सवय नसते," आई म्हणाली.

विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. ताईने दोन जोडी चपला आणि एक जाड चादर काढून परत दिली, पण मला काढलं नाही. माझा ऊर अभिमानाने भरून आला. मी परदेशात चालले होते!

परदेशाचं पहिलं दर्शन मला भिंतीतल्या तीन भोकांनी घडवलं. माझी पिन काही केल्या त्यांत शिरेना. ताईने दुकानातून जोड आणला, मला लावलं, मी चांगली तापले आणि फट्‌ असा आवाज होऊन अख्ख्या मजल्यावरचे दिवे गेले. इमारतीचा रखवालदार हातात बॅटरी घेऊन वर आला. ताईने मला घाईघाईत उशीखाली लपवलं आणि उशी करपली. रखवालदार हवेत नाक वर करून वास घेत होता आणि ताई त्याला हसून पाणी विचारत होती. तो गेल्यावर ती जमिनीवर बसून पोट धरून हसली आणि मग त्याच हसण्यात रडली. त्या खोलीत तिला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

नवीन देशात माणूस कसा राहतो, ते मी जवळून पाहिलं. तो आधी हळू बोलायला शिकतो, मग हळू चालायला. शेजाऱ्यांच्या पावलांवरून कोण आलं ते ओळखतो. दुकानात जाण्याआधी वाक्यं घोकतो. ताई ती वाक्यं माझ्यासमोर घोकत असे. माझा छोटा लाल दिवा लागला की म्हणे, "बघ, कळलं ना तुला? मग त्यांनाही कळेल."

आणि मग एके दिवशी तिचं ऑफिस बंद पडलं. साहेबांसकट सगळेच घरी बसले. ताईने पुष्कळ दारं ठोठावली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं, "तुझे कपडे इतके नीट कसे असतात? माझ्या नवऱ्याचे शर्ट करून देशील?" एकाचे चार झाले, चाराचे चाळीस. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी घोंगडी अंथरलेलं टेबल मांडलं गेलं. हाताने पाणी शिंपडायचं, चर्र आवाज ऐकायचा, आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. हँगरवर टांगलेल्या शर्टांनी खोली भरून जाई. मी त्या दिवसांत जेवढी तापले तेवढी उभ्या आयुष्यात तापले नव्हते. लोक कॉलर पाहून तोंडात बोट घालत. कष्ट होते, पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. मी तरी तसं मानत असे.

ताईला मात्र घरी सांगायचं धाडस झालं नाही. बाबांनी गावभर तिचा टेंभा मिरवला होता ना! संध्याकाळी घरून व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली की ती ओळीतला एक शर्ट काढी, एखाद्या गिऱ्हाईकाचा, अंगावर बसेल असा. तो घरातल्या पायजम्यावर चढवी, केस बांधी आणि फोनसमोर बसे. "आत्ताच आले हं ऑफिसमधून. काय दमायला झालंय!" फोनमध्ये वरचं अर्धंच दिसतं, मित्रांनो. बोलणं झालं की ती शर्ट उतरवी, पुन्हा पाणी शिंपडी आणि त्याच्यावर पडलेली तिची प्रत्येक सुरकुती मी पुसून टाकी. शर्ट परत ओळीत जाई. हे गुपित तिच्यात आणि माझ्यात होतं.

अशात सोन्या आला. त्याला जग बघायचं होतं आणि लेखक व्हायचं होतं. एका साप्ताहिकाने त्याला परदेशावर लेख लिहायला सांगितलं होतं. ताईने त्याला आपला पलंग दिला आणि स्वतः टेबलाखाली अंथरूण घातलं. तो दिवसभर भटकायचा आणि येऊन लिहायचा. नद्या, पूल, मनोरे, स्वच्छ रस्ते, रांगेत उभी राहणारी माणसं. लिहिलेलं तो ताईला वाचून दाखवायचा. ती इस्त्री फिरवता फिरवता म्हणायची, "छान आहे रे." मला विचाराल तर त्याचं लिखाण कोमट होतं. संपादकांनाही तसंच वाटलं असावं. "असं तर कुणीही लिहील, त्यात तुम्ही कुठे आहात?" असा त्यांचा निरोप आला आणि सोन्या तोंड पाडून बसला.

ताईचं गुपित त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एकाच खोलीत ते लपणार कसं? तेव्हा ती त्याच्याकडे पाठ करून एक बाही दाबत होती. न वळताच म्हणाली, "सोन्या, घरी कळू देऊ नकोस हं. बाबांना सहन व्हायचं नाही. मी सांगेन कधीतरी, माझं मी."

"वेडी का तू, ताई? मी कशाला सांगू?"

मग तिची भीड चेपली. ती रोज काम करता करता त्याच्याशी बोलू लागली. ऑफिस बंद झालं तेव्हा ती बागेतल्या बाकावर कशी बसून राहिली, गिऱ्हाईकाच्या शर्टाला अत्तराचा वास आला की फोनवर तिला कसं वाटायचं, सगळं सांगितलं. इतकी वर्षं ती माझ्याशी बोलत होती, आता तिला उत्तर देणारं माणूस मिळालं होतं. मलाही बरं वाटलं. एकदा त्याने माझा फोटो काढला तेव्हा तर मी लाजलेच!

तो फोटो लेखासोबत छापून आला नाही, पण माझं वर्णन आलं. लेखात ताईची सगळी गोष्ट होती, फोनसमोरच्या शर्टासकट; फक्त सोन्याने शहर बदललं होतं. ताईला त्याने शेजारीण केलं, तिचं वय वाढवलं, तिला चष्मा लावला. मला मात्र त्याने जशीच्या तशी उचलली. तडा गेलेली मूठ, हिरव्या चादरीची पट्टी, टाक्यावर चढलेले तिरके टाके. लेख गाजला. संपादकांनी पाठ थोपटली. सोन्या हवेत होता.

तिकडे घरी काय झालं ते मी पुढे सोन्याच्या तोंडून ऐकलं. बाबांनी चार मित्रांना बोलावून तो लेख मोठ्याने वाचायला घेतला. "आमच्या लेखकाने काय लिहिलंय बघा!" कुणा परक्या बिचाऱ्या बाईची गोष्ट म्हणून सगळे चुकचुकत होते. आई आत काम करत होती. हिरवी पट्टी आली तशी ती दारात येऊन उभी राहिली. "तेवढं पुन्हा वाचा," म्हणाली. बाबांनी पुन्हा वाचलं आणि मध्येच अंक मिटून ठेवला. मित्र चहा अर्धा टाकून उठले.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा ताईने आकाशी शर्ट घातला होता. आईने ऑफिसचं काही विचारलं नाही.

"इस्त्री आण बघू समोर."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला उचलून फोनसमोर धरलं. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"पट्टी सैल झालीय," ती म्हणाली.

मागून बाबांचा आवाज आला, "शर्ट कुणाचा आहे, विचार तिला."

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली. मग तिलाच हुंदका आला. "सगळ्या दुनियेला वाचायला मिळालं गं. आम्हालाच नाही सांगितलंस?"

फोन बंद झाल्यावर ताईने मला खाली ठेवलं आणि सोन्याकडे वळली.

"मी नाव कुठे घेतलं, ताई?" तो म्हणाला. "गाव बदललं, वय बदललं, तुला शेजारीणसुद्धा केलं."

"इस्त्री का नाही बदललीस?"

"ती बदलली असती तर लेखात काही राहिलंच नसतं गं."

ताईने फक्त मान हलवली. मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तेव्हा तर मी बंद होते! केसाने गळा कापला त्याने तिचा, आणि तो केस म्हणून माझी मूठ वापरली. ज्या पट्टीने आईने मला सांधलं, त्याच पट्टीने ताईचं बिंग फोडलं. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं की माझा यात काही दोष नाही. पण ताई तेव्हापासून मला उचलताना माझ्याकडे बघेनाशी झाली.

सोन्या परत निघाला त्या दिवशी तिने त्याचे सगळे शर्ट इस्त्री केले. एकही घडी वाकडी पडू दिली नाही. पूर्वी तिची वाचा इस्त्रीबरोबर चालायची. त्या दिवशी नुसता पाण्याचा चर्र आवाज होत राहिला. दारात तो वाकून पाया पडला तेव्हा ती म्हणाली, "नीट जा." "सोन्या" असं म्हणाली नाही.

मग पुस्तक आलं. त्यात आईचा तो फोनही होता, "शर्ट कुणाचा आहे" हेही होतं आणि ताईचं "इस्त्री का नाही बदललीस" हेही. आता शेजारीण नव्हती. आता सरळ "माझी ताई" होती. अर्पणपत्रिकेतही तीच. पुस्तक आल्यावर सोन्याचा फोन आला.

"ताई, प्रकाशनाच्या वेळी टेबलावर ठेवायला ती इस्त्री हवी होती. तुझ्या ओळखीचं कुणी येत असेल तर देशील पाठवून?"

ताई म्हणाली, "देते पाठवून. तशीही ती आता या घरातली राहिली नाही."

मला वाटलं होतं, सगळ्या जगात ती तरी मला सोडणार नाही. तिने कात्री घेतली, आईची शिवण एकेक टाका करून उसवली, हिरवी पट्टी सोडवली आणि नीट घडी घालून आपल्या कपाटात ठेवली. मला तिने त्या जुन्या टॉवेलात गुंडाळून इकडे येणाऱ्या एका ओळखीच्या बाईच्या हाती दिलं. दार लागलं तेव्हा टॉवेलाच्या फटीतून ओट्यावर नवी, वाफेची, हलकी इस्त्री बसलेली मला दिसली.

इथे आल्यावर सोन्या माझी उघडी मूठ पाहून चपापला. प्रकाशन दुसऱ्या दिवशी होतं. त्याने बाजारातून हिरवी रेशमी फीत आणली आणि माझ्या मुठीभोवती गुंडाळली. शिवता येत नव्हतं म्हणून डिंकाने चिकटवली. समारंभात लोक हळवे झाले. "आईच्या हातची पट्टी!" म्हणून एका बाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि डोळे टिपले. सोन्याने त्यांना हात जोडले. अजूनही पाहुणे आले की तो त्या फितीकडे बोट दाखवतो.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, मला गंजू देऊ नका, असं मी तुम्हाला विनवणार नाही. मी रोज पुसली जाते. तुम्ही मोठे व्हाल, देशोदेशी जाल, लिहालही. जरूर लिहा. पण कामात हात गुंतलेलं एखादं माणूस पाठ करून तुमच्याशी बोलू लागलं, तर ते तुमच्यावर विश्वास टाकतंय एवढं ओळखा. छापण्याआधी त्याच्यासमोर जाऊन बसा आणि विचारा. नाही म्हणालं, तर लेख कोमट राहू द्या.

सोन्या अजून अधूनमधून ताईला फोन लावतो. याच खोलीत, माझ्यासमोर बसून. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतो, शेजारी कागद ठेवतो आणि विचारतो, "ताई, काय चाललंय?"

"काही नाही. ठीक आहे सगळं."

"काय करत होतीस?"

"बसलेय नुसती."

तो पेन हातात धरून वाट बघत राहतो, आणि ती काही बोलत नाही. पण तिच्या गप्प बसण्यामागून एक आवाज येत असतो. सोन्याला तो ओळखू येत नाही. मला येतो. ती काय करतेय, कुणासाठी करतेय, सगळं मला त्या आवाजावरून कळतं. तो कसला आवाज आहे, हे मी कुणाला सांगणार नाही, मित्रांनो. तुम्हालाही नाही.